डाळीवर जोखलेलं पाणी

१७ जानेवारी १९७४, गुरुवार

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली आणि आज सकाळी मानसिंगराव घरी आले. मानसिंगराव म्हणजे आमच्या चिंचबाग पेठेचे नगरसेवक. बसायच्या आधीच म्हणाले, "अप्पासाहेब, पेठेला तुमची गरज आहे." निवृत्त झाल्यापासून माझी गरज आहे असं कुणी म्हणालं नव्हतं. घरात तर उलटंच ऐकतो.

काम असं. पेठेत तीन सार्वजनिक विहिरी आहेत. मठाची, पिंपळाखालची आणि रंगखान्यामागची. नळाचं म्हणाल तर त्याला पाण्यापेक्षा वाराच जास्त येतो. आता तिन्हींपैकी एका विहिरीवर पंप आणि टाकी बसणार, बाकीच्या दोन डास करतात म्हणून बुजवणार. ठेवायची कुठली, याचा सल्ला पेठेतल्याच जाणत्या माणसांनी द्यायचा, विनामोबदला. मंडळाचं नाव 'जलशुद्धी व निसर्गरक्षण सल्लागार मंडळ'. अध्यक्ष मी. मी म्हणजे शिवलिंगप्पा, निवृत्त वजनमाप निरीक्षक. सोलापूर जिल्ह्यातल्या किती वाण्यांच्या तागडीखालचं मेण मी खरवडून काढलं आहे, त्याला गणती नाही. पाणी काय, जोखायचीच गोष्ट!

अशा कामाची नोंद राहावी म्हणून आजपासून ही दैनंदिनी. माझी बायको बसव्वा चहा ठेवून गेली, काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तिला पटलं असं मी धरतो.

२० जानेवारी, रविवार

मठाच्या अंगणात पहिली सभा. सभासद दोघे. एक आबासाहेब, मूळचे माढ्याकडचे, इथं सायकलींचं दुकान. खाण्यात दर्दी, बोलण्यात मोकळे. दुसरे रावजी मास्तर, हायस्कुलात चित्रकला शिकवतात. विज्ञानाचे मास्तर मिळाले नाहीत, त्यांना शिकवण्या असतात म्हणे.

पाणी तपासायचं कसं, यावर बराच खल झाला. मास्तर म्हणाले, बाटल्या भरून पुण्याला पाठवू. मी म्हटलं, पुण्याचं उत्तर येईपर्यंत विहिरी आपोआप आटतील. बाहत्तरचा दुष्काळ अजून कुणी विसरलेलं नाही. मग आबासाहेब म्हणाले, "आवं, त्यात काय एवढं? आमच्याकडं सोयरीक जुळवायला गेलं की पोरीचा बाप आदी इचारतो, तुमच्या हिरीच्या पाण्यात डाळ शिजती का? शिजली तर पानी चांगलं. न्हाय शिजली तर जड पानी. पोट धरतंय."

हात्तिच्या! इतकी सोपी गोष्ट. सगळ्या घरांत माहीत असलेली. मी तिथल्या तिथे ठराव घातला. तिन्ही पाण्यांत एकाच डब्यातली तूरडाळ, सारखंच माप, सारखाच जाळ. माप माझं, शिक्का मारलेलं. मास्तरांनी अनुमोदन दिलं. आबासाहेबांनी विचारलं, शिजलेल्या डाळीचं काय करायचं? वाया घालवणं निसर्गरक्षणात बसत नाही, म्हणून फोडणी द्यायची असाही उपठराव झाला.

३ फेब्रुवारी, रविवार

आमची लेक विजयमाला अक्कलकोटहून बाळंतपणाला आली. पोरगी वाळली आहे. गेल्या खेपेला सातव्यात सगळं संपलं होतं, त्या आठवणीने तिला पायरी चढतानासुद्धा मी धडपणे बघू शकत नाही, दुसरीकडे तोंड फिरवतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, जड उचलायचं नाही, आणि खाणंपिणं जपायचं, विशेषतः पाणी.

विशेषतः पाणी! मी बसव्वाला म्हटलं, बघ, मंडळाचं काम घरापर्यंत आलं. पेठेतलं सगळ्यांत उत्तम पाणी आपल्या लेकीला मिळेल, आणि ते उत्तम आहे हे तिचा बाप ठरवेल. बसव्वा म्हणाली, "होगली बिड्री, जाऊ द्या ते, आधी पिशवी आत घ्या." मी पिशवी आत घेतली.

१० फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस पेठेच्या इतिहासात लिहिला जाईल.

मठाच्या अंगणात तीन चुली, तीन पातेली. अर्धी पेठ जमली होती. मी डाळ मोजून घातली, मास्तरांनी पातेल्यांवर गेरूने एक, दोन, तीन असे सुबक आकडे काढले, आबासाहेबांनी लसूण सोलला.

मठाच्या पाण्यात डाळ नुसती उड्या मारत राहिली. दाणा दाणा वेगळा. पिंपळाखालच्या पाण्यात कशीबशी फुटली. आणि रंगखान्यामागची विहीर! काय सांगावं! बाकीच्या दोन्ही पातेल्यांना उकळी येते न येते तोच हिची डाळ गळून लोणी झाली. रवी लावायची गरज पडली नाही. बायका डोळे विस्फारून बघायला लागल्या. आणि या विहिरीचं पाणी लोक आजवर भांडी घासायलासुद्धा घेत नव्हते! म्हणे वास येतो. वास कसला, खनिजाचा गंध आहे तो.

आमटीला किंचित जांभळट झाक होती. मास्तर म्हणाले, रंगसंगती उत्तम आहे, पिवळ्याला जांभळा हा विरोधी रंग, म्हणून डोळ्याला बरा वाटतो. चवीला जरा साबणाकडे झुकणारी, पण ते लसणाने निभावलं. आबासाहेबांनी तीन वाट्या घेतल्या. मी दोन.

बसव्वाला वाटी दिली. तिने हुंगली आणि भिंतीकडेच्या मोरीत ओतली. म्हणाली, उपास आहे. रविवारचा उपास ती कधीपासून धरायला लागली कोण जाणे.

११ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बसव्वाला स्पष्ट सांगितलं. आजपासून विजयमालाला प्यायला, तिच्या भाताला, तिच्या आमटीला, सगळ्याला रंगखान्यामागचंच पाणी. मठाचं जड पाणी घरात नको. बसव्वाने माठावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "बरं री."

मला वाटलं होतं वाद होईल. शहाणी आहे, प्रयोग डोळ्यांनी बघितला तिने.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज यल्लय्याशेठ आले. रंगखाना यांचाच. सुताच्या लडी रंगवून मागवाल्या विणकरांना देतात. अंगावर पांढरंशुभ्र धोतर, पण नखं कायम हिरवी नाहीतर लाल. आल्या आल्या खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "साहेब, मी ऐकायलो ते खरं हाय का? आमच्या मागल्या विहिरीचं पाणी लोकांना पाजायलात?"

मी म्हटलं, अभिनंदन तुमचं, पहिला नंबर आहे.

"अय्यो, साहेब! अहो, त्यात आमच्या हौदाचं सांडपाणी मुरायलंय! सोडा हाय, कॉस्टिक हाय, रंग हाय. सोड्याच्या पाण्यात डाळ काय, चामडं बी शिजंल की! माझ्या घरचे लोक त्यात पाय धुवत न्हाईत."

मी शांतपणे ऐकून घेतलं. नोकरीत इतके व्यापारी बघितले, यांचे कावे मला नवीन आहेत का? कुठला व्यापारी आपणहून स्वतःच्या मालाला नावं ठेवतो? विहीर पेठेची झाली, पंप बसला, की याला ती फुकट वापरता येणार नाही. म्हणून ही सारी रडारड. मी म्हटलं, "शेठ, तुम्ही सांगता त्याला पुरावा काय?" ते म्हणाले, "मी स्वतः सांगायलोय, अजून काय पुरावा पायजे?" म्हटलं, आरोपीची स्वतःची साक्ष धरत नाहीत.

जाताना कपाळाला हात लावून गेले. नाटकी माणूस!

बसव्वा दाराआडून ऐकत होती. तिने त्यांना थांबवून गूळ-शेंगा दिल्या आणि दोघं ओट्यावर बराच वेळ हळू आवाजात बोलत उभे राहिले. परक्या माणसाशी इतकं काय बोलायचं असतं, मला कळत नाही.

३ मार्च, रविवार

यल्लय्याशेठच्या आक्षेपाची दखल घ्यायची म्हणून मंडळाने शास्त्रीय चाचणी केली. रावजी मास्तरांनी हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतून लाल रंगाचे चिमुकले कागद आणले. पाण्यात बुडवायचे आणि रंग बघायचा. मठाच्या पाण्यात कागद लाल तो जवळजवळ लालच. रंगखान्याच्या पाण्यात बुडवला मात्र, निळाशार!

आता निळा म्हणजे काय, हा प्रश्न आला. ते कागदाच्या पुडीवर लिहिलेलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "अप्पासाहेब, पंचवीस वर्षं पोरांना चित्रं शिकवतोय. पाणी कोणत्या रंगाने दाखवतात? निळ्या. नदी निळी, समुद्र निळा. कागदाने पाण्याला पाणी म्हणून ओळखलं." आबासाहेब म्हणाले, "लाल म्हंजे धोका. रेल्वेला इचारा की."

युक्तिवाद बिनतोड. ठराव एकमताने पास. प्रसादाला पुन्हा आमटी, आणि यापुढे दर रविवारच्या सभेला तीच, असा उपठरावही.

१० मार्च, रविवार

विहिरीत कासव सोडण्याची आपली जुनी रीत. कासव घाण खातं, पाणी निवळतं. निसर्गरक्षण हे मंडळाच्या नावातच आहे, तेव्हा आबासाहेबांनी तळ्यावरून एक चांगलं थोराड कासव मिळवलं. हळद-कुंकू वाहून रंगखान्याच्या विहिरीत सोडलं. मानसिंगरावांनी चार शब्द सांगितले.

१२ मार्च, मंगळवार

कासव विहिरीच्या पायऱ्या चढून बाहेर आलं आणि गल्लीतून मठाच्या दिशेने चाललेलं सापडलं. पुन्हा सोडलं.

१३ मार्च, बुधवार

पुन्हा तेच. आज तर मठाच्या पायरीपर्यंत पोचलं होतं. आबासाहेब म्हणाले, "ह्याला देवाचा लई नाद दिसतोय." पुन्हा सोडलं, आणि वरच्या पायरीवर फळी लावली.

१५ मार्च, शुक्रवार

फळी ओलांडली. आता ते मठाच्या विहिरीत आहे, आणि बाहेर यायला तयार नाही. खाली वाकून बघितलं तर मान वर काढून माझ्याकडे बघत होतं. अहवालात 'कासव शिस्तीचे नव्हते' एवढंच लिहायचं ठरवलं.

२४ मार्च, रविवार

चार दिवस लिहिता आलं नाही. पोट बिघडलं. आबासाहेबांचंही. मास्तरांचं जरा कमी, कारण ते आमटी भातावर न घेता नुसती चाखतात. आबासाहेबांची जीभ अजून निळसर आहे, ते गिऱ्हाइकाशी तोंड मिटून बोलतात. माझा पांढरा सदरा मंडळाच्या विहिरीवर धुवून घेतला तर फिका गुलाबी झाला. बसव्वाने विचारलं, कुणाच्या लग्नाला जायलात? मी म्हटलं, खडकातल्या खनिजाचा गुण. हिवाळ्याची सवय झालेल्या पोटातला जुना साठा मऊ पाण्याने सुटा होतो, म्हणून दोन दिवस त्रास, पुढे गुणच गुण.

आणि याला पुरावा घरातच आहे. विजयमालाकडे बघा! गालांवर रंग आला, पायांची सूज उतरली, डॉक्टरीणबाई खूश. महिनाभर पोरगी रंगखान्याचंच पाणी पिते आहे आणि फुलासारखी टवटवीत झाली आहे. तिच्या अंगाला लागतं आणि माझ्याच पोटाला का झोंबतं, हे मात्र उमगत नाही. वयाचा फरक असेल.

बसव्वाची तेवढी तक्रार लिहिली पाहिजे. इतक्या मऊ पाण्यात डाळ चटकन शिजायला हवी, तर आमच्याकडे जेवण रोज उशिरा. गिरणीची दुपारची शिट्टी होऊन जाते तरी चुलीवर डाळ रटरटत असते. विचारलं तर म्हणते, जळण ओलं आहे. बाईचं हल्ली स्वयंपाकात लक्ष नाही. पहाटे उठून मठात जाते, देवावर पाणी घालायला म्हणून दोन दोन घागरी भरते. म्हातारपणी भक्ती वाढते, मी आड येत नाही.

३१ मार्च, रविवार

अहवाल सादर! मास्तरांनी सुंदर अक्षरात उतरवला, वर विहिरीचं चित्रही काढलं. शिफारस अशी की रंगखान्यामागची विहीर ठेवावी, तिचे पाणी 'मऊ, पाचक व गर्भवती स्त्रियांस विशेष हितकर' आहे. पुरावा म्हणून माझ्या स्वतःच्या कन्येचं उदाहरण दिलं, नाव न घेता. मठाची विहीर जड पाण्याची, ती आधी बुजवावी. पिंपळाखालची पावसाळ्यानंतर.

मानसिंगरावांनी मला मिठीच मारली. मठाच्या विहिरीच्या जागेवर तालीम बांधायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं, हे मला आजच कळलं. योगायोग बघा, आमच्या शास्त्राने त्यांच्या मनातलंच सांगितलं.

घरी येऊन वाचून दाखवला. विजयमाला आईकडे बघायला लागली. बसव्वा निवडत होती ते सूप तिने खाली ठेवलं आणि विचारलं, "बुजवणार? मठाची?"

"अलबत."

"सही केली तुम्ही?"

"पहिली माझीच."

ती उठून आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. आज ती बोलली नाही, पण पटलं असं धरायला मन धजत नाही.

१४ एप्रिल, रविवार

घरात विचित्र वातावरण. बसव्वाने परसातली झाडून सगळी पिंपं, हंडे, अंघोळीचा बंबसुद्धा भरून ठेवला आहे. न्हाणीत पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं, हे काय? म्हणाली, "बाळंतपणाचं घर हाय री." बरं, पण शेजारच्या चार घरांतही तेच. पेठेतल्या सगळ्या बायका एकदम बाळंत होणार आहेत का?

मठाची विहीर बुजवायचं बावीस तारखेच्या सोमवारचं ठरलं. मुरुमाच्या गाड्या येणार. पहिली पाटी टाकायचा मान माझा.

२१ एप्रिल, रविवार

अक्षर वाईट येईल. तरी लिहितो.

सकाळी विजयमालाच्या कळा सुरू झाल्या. सुईण सोजरबाई आली. मला ओट्यावर बसवलं. आतून पोरीचं विव्हळणं ऐकवेना. नुसतं बसून माणूस वेडा होईल. तेवढ्यात आतून सोजरबाईची हाक आली, "पानी उकळायला ठेवा, लई लागंल." मला काम मिळालं. मी कळशी उचलली, रंगखान्याच्या विहिरीवर गेलो, स्वतः शेंदून आणलं. आज लाल सूत रंगवत असावेत, पाणी पातळ रक्तासारखं होतं. क्षणभर बरं वाटलं नाही. पण अहवाल अहवाल आहे.

दारात बसव्वा आडवी उभी. मी म्हटलं, बाजूला सर, पाणी आणलंय. ती सरकली नाही. माझ्या हातातली कळशी घेतली आणि उंबऱ्याबाहेर सगळी ओतून टाकली. अंगणभर लाल ओघळ गेला.

"त्या विहिरीचा थेंब या घरात आजवर आला न्हाई," ती म्हणाली. "आज बी येणार न्हाई."

मला आधी समजलंच नाही. "अगं, महिने झाले ती तेच पिते आहे. मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं, मी ऐकलं. केलं न्हाई. रोज मठाचं आणलं. तुमच्या माठात बी मठाचंच होतं. तुमचं पोट बिघडलं ते तिकडं गिळलेल्या आमटीनं."

"तू खोटं बोललीस माझ्याशी?"

"बरं म्हटलं मी. भरते म्हटलं होतं का?" तिचा आवाज फुटला. माझ्यासमोर ती एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. "एक लेकरू गेलं तिचं. दुसरं तुमच्या डाळीवर सोडू? डोळे फुटले होते का री तुमचे? शेठ सांगून गेला, कासव सांगून गेलं, सदरा सांगत होता!"

आणि दार लोटून घेतलं.

मला राग आला. फार आला. अध्यक्षाच्या घरातच ठरावाचा भंग! मी ओट्यावर फेऱ्या मारायला लागलो. आणि मग अंगणातल्या त्या लाल ओघळाकडे बघता बघता मनात आलं, हिने माझं ऐकलं असतं तर? खरोखरच ऐकलं असतं, चांगल्या बायकोसारखं, तर? मी खाली बसलो. आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

दुपार कलताना रडणं ऐकू आलं. मुलगा. विजयमाला सुखरूप. सोजरबाई बाहेर येऊन म्हणाली, "अज्जा झालात की! रडताय कशाला?" मी रडत नव्हतो, डोळ्यांत धूर गेला होता.

नातवाला लांबून बघितलं. मूठ आवळून झोपला आहे. बसव्वाने मला दारातूनच दाखवला, हातात दिला नाही.

तिथून तडक मानसिंगरावांकडे गेलो. म्हटलं, बुजवणं थांबवा, मंडळाला फेरविचार करायचा आहे. ते हसले. "अप्पासाहेब, गाड्या ठरल्या, उद्घाटनाला पाहुणे ठरले. आणि हे कुणी लिहिलंय?" असं म्हणून त्यांनी माझाच अहवाल मला वाचून दाखवला. 'गर्भवती स्त्रियांस विशेष हितकर' हे वाक्य दोनदा. माझं वाक्य इतकं भिकार आहे हे मला तोवर जाणवलं नव्हतं.

"काय चुकलं काय त्यात?" त्यांनी विचारलं. मी अहवालाखालची माझीच सही बघितली. उठून आलो.

२२ एप्रिल, सोमवार

सकाळी मठाच्या विहिरीवर जमाव. आबासाहेब, मास्तर, पाटी सजवलेली, वर झेंडूची माळ. पेठेतल्या बायका एका बाजूला गप्प उभ्या. पहिली बैलगाडी मुरूम घेऊन आली. गाडीवान बिरप्पा. मला बघताच त्याने बिडी टाकली. माझ्या नोकरीच्या काळातली माणसं अजून मला बघून बिडी टाकतात.

मानसिंगराव म्हणाले, "घ्या अप्पासाहेब, शुभस्य शीघ्रम."

पाटी हातात घेतली. विहिरीत वाकलो. ते कासव वर आलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "माप झालं का?"

"कशाचं माप?"

"मुरुमाचं. गाडीत किती आहे? ब्रासचा हिशेब आहे ना? न मोजता विहिरीत टाकलं तर मग मोजणार कसं? विहिरीत उतरून?" मी पाटी खाली ठेवली. "बिरप्पा, उतरव. इथं, रस्त्यावर. मोजल्याशिवाय एक खडा आत जाणार नाही."

बिरप्पाने मुकाट्याने गाडी रिकामी केली. मी टेप मागवली. लांबी, रुंदी, उंची. ढीग सारखा नव्हता, उतरंड होती, म्हणून तो चौकोनी रचायला सांगितला. रचला. पुन्हा मोजला. मग दुसरी गाडी आली, तीही तिथेच उतरवली. तिच्यात ओलावा जास्त होता, वाळेपर्यंत थांबावं लागेल असं मी सांगितलं. तिसरीतला मुरूम चाळून घ्यायला लावला.

मानसिंगराव ओरडायला लागले. "तुम्ही निवृत्त झालात हो!"

मी म्हटलं, "मी झालो. माप नाही झालं."

बायकांत हशा पिकला. आबासाहेब आधी बावरले, मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "मंडळाचा सभासद म्हणून मी बी मोजनार. मला दोनदा मोजायची सवय हाय." मास्तर ढिगांवर गेरूने आकडे घालत बसले. अकराच्या सुमाराला सगळा रस्ता मुरुमाच्या चौकोनी ढिगांनी भरला. मागच्या गाड्या आत येईनात, पुढच्या बाहेर जाईनात, आणि मानसिंगरावांची जीप मधे अडकली. पाहुण्यांची मोटार चौकातूनच परत गेली म्हणे. यल्लय्याशेठ आपल्या दारात उभे राहून हे सगळं बघत होते आणि पोट धरून हसत होते.

शेवटी मानसिंगराव पायी घरी निघाले. जाताना म्हणाले, "बरं, पावसाळ्यानंतर बघू." मी म्हटलं, ओला मुरूम मोजता येत नाही, दिवाळीनंतर बघू.

गर्दी पांगली. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. बसव्वा फडक्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन आली. बाजूला ठेवली. तिने नुसतं विचारलं, "अहवालात आता काय लिहिणार?"

"मापात घोळ होता, असं लिहीन."

"मुरुमाच्या की डाळीच्या?"

मी भाकरी मोडली. तिने आपली घागर विहिरीत सोडली. वर ओढताना तिचे दंड थरथरत होते. कालपासून ती झोपली नव्हती, आणि तिचंही वय झालं आहे, हे मी आज बघितलं. मी उठलो, तिच्या हातातला दोर घेतला आणि घागर वर काढली. मग ती खांद्यावर घेतली.

"लोक बघायलेत री," ती म्हणाली.

"बघू देत."

पेठेतून चालत आलो. अध्यक्षांच्या खांद्यावर घागर, मागे बसव्वा रिकाम्या हाताने. ओट्याओट्यावर लोक उठून उभे राहत होते. रंगखान्यापाशी यल्लय्याशेठ हसायचे थांबले. त्यांनी विचारलं, "साहेब, पाणी कुठलं?"

सगळी गल्ली कान देऊन होती. मी म्हटलं, "मठाचं."

घरी आलो तेव्हा अर्धा सदरा भिजला होता. विजयमाला खाटेवरून म्हणाली, "अप्पा, तुम्ही आणलं?" मी घागर न्हाणीपाशी उतरवली आणि बसव्वाला सांगितलं, पाणी गार आहे, बाळासाठी तापवून घे. तिने बाळ उचललं आणि पहिल्यांदा माझ्या हातात दिलं.